तिला डॉक्टर, आम्हाला चपला

"ही पाटी इथं नको. चपलांपाशी ठेव."

आक्कासाहेबांनी आवाज चढवला नव्हता. आमटीत मीठ जास्त झालंय हे सांगावं तसं सांगितलं. मी दहा वर्षांची होते.

इंदूरची मराठी मुलींची प्राथमिक शाळा, दसऱ्याच्या आदला दिवस, पाटीपूजन. संस्थान जाऊन मध्यभारत झालं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या. आमच्या शाळेत काहीच बदललं नव्हतं. शाळा आक्कासाहेबांच्या सासूबाईंच्या नावाची. त्यांचे मालक दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, ते वारले, आणि शाळेचं सगळं आक्कासाहेब पाहायच्या. दर दसऱ्याला येऊन त्या पाट्यांना हळदकुंकू लावायच्या.

पाटीवर सरस्वती काढायची असते. एकाचा आकडा घ्यायचा आणि तोच मांडत जायचा. अर्धे एक सरळ, अर्धे उलटे, समोरासमोर. मला तेवढंच यायचं. उलटसुलट मला सारखंच दिसायचं, म्हणून माझी सरस्वती सगळ्या वर्गात चांगली व्हायची. दुसऱ्या मुली माझ्याकडून काढून घ्यायच्या. पण सरस्वतीखाली आपलं नाव लिहायचं असायचं. तिथं मी मरायची. अक्षरं जागेवर उभी राहत नसत. एक धरावं तर दुसरं पळायचं. मी काहीतरी खरडलं.

आक्कासाहेब माझ्या पाटीपाशी थांबल्या.

"हे काय आहे?"

आमच्या बाई पुढं झाल्या. "ती ढ आहे हो. दुसरीत दोन वर्षं काढलीत. चौकीदाराची."

"आमच्या चौकीदाराची?"

"हो."

मग ते वाक्य. पाटी मलाच उचलायला लावली. साठ मुलींच्या समोरून मी ती दारापर्यंत नेली आणि चपलांच्या ढिगाशेजारी ठेवली. कुणीतरी फिसकन हसलं. परत येऊन रांगेत उभी राहिले. आरतीच्या टाळ्यासुद्धा वाजवल्या. रडले नाही. मला वाटत होतं, बरोबरच आहे त्यांचं.

हे शेवटचं नीट वाचा. मला वाटत होतं, बरोबर आहे.

माझे वडील महाराजांच्या घोडदळात होते. फौज मोडली तेव्हा घोडा गेला, तलवार गेली, मिशा राहिल्या. तुकोगंजात आक्कासाहेबांच्या बंगल्यावर ते चौकीदार झाले. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आई त्यांच्या स्वयंपाकघरात. त्या पाटीबद्दल मी घरी सांगितलं नाही. आईला स्वयंपाकघरात आधीच कळलं होतं. ती इतकंच म्हणाली, "सरस्वती आपल्या घरात येत नाही. तिचं काय करायचं?"

शाळेनं मला ढकलत चौथीपर्यंत नेलं. बाकावरून जमिनीवर, जमिनीवरून दारात. आख्खं पुस्तक मला पाठ होतं, कारण कान चांगला होता. दुसऱ्या मुली वाचायच्या ते ऐकून पाठ करायची आणि माझी पाळी आली की पुस्तक समोर धरून धडधड म्हणायची. एकदा बाईंनी मधलीच ओळ विचारली. मी पहिलीपासून सुरू केलं. बाईंनी छडी तुटेपर्यंत मारलं. "फसवते मेली. नक्कल करते." चौथीची परीक्षा झाली, नापास झाले, शाळा संपली. त्याला शिक्षण म्हणायचं असेल तर मी चौथीपर्यंत शिकलेली आहे.

तेराव्या वर्षी मला बंगल्यात कामाला घेतलं. आक्कासाहेबांची नात होती, बेबी. आठ वर्षांची. आईबाप मुंबईला, ही आजीपाशी. गोरी, नाजूक, हट्टी. तिचे केस विंचरायचे, तिला शाळेत न्यायचं आणायचं, ती अभ्यास करत असेल तेव्हा पंख्यानं वारा घालायचा. आक्कासाहेबांना कॉन्व्हेंट पटत नसे. आपल्या शाळेत आपलीच नात नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून बेबी आमच्याच शाळेत होती.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं.

शिकवायला घरी मास्तर यायचे. बेबी धडा वाचत होती. आवाज गोड, अडखळत नव्हती. मी मागून पाहत होते. ती वाचत होती आणि तिचे डोळे खिडकीच्या गजांवर होते. पान संपलं, तिचं बोलणं पुढच्या पानावर गेलं, आणि मग तिला आठवलं की पान उलटायचंय. मास्तर सुपारी कातरत होते. त्यांना काही दिसलं नाही. ही माझीच चोरी होती.

हळूहळू आक्कासाहेबांनाही कळलं. पण बेबीला कुणी ढ म्हटलं नाही. आधी डोळे अधू ठरले. चष्मा आला. मग प्रकृती नाजूक ठरली. बदाम आले. मग कुणाची तरी नजर लागली असं ठरलं, गळ्यात ताईत आला. शाळेत बाई तिला विचारायच्याच नाहीत. "बेबीताई, तुम्ही बसा हो." पहिल्या नंबरानं पास करायच्या. मी जमिनीवरून दारात गेले त्याच वर्गात.

शेवटी महूच्या छावणीतून एक फौजी डॉक्टर बोलावले. म्हातारे, उंच, विलायतेत शिकलेले. ते दिवाणखान्यात दोन तास बसले. बेबीला गोष्ट सांगायला लावली, मणी ओवायला लावले, चौकोन काढायला लावले. मग पुस्तक दिलं आणि बोट भलत्याच ओळीवर ठेवलं. बेबी पहिलीपासून म्हणायला लागली. डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत.

मी चहा घेऊन उभी होते. त्यांचा शब्द न् शब्द मला आठवतो.

"बच्ची होशियार है, आक्कासाहेब. आँखें ठीक हैं. बस, अक्षर इसके सामने ठहरते नहीं. ऐसे बच्चे होते हैं. मैंने वहाँ कई देखे."

"दवा?"

"दवा नहीं है. थाली में रेत लीजिए. उँगली से लिखवाइए, साथ में ज़ोर से बुलवाइए. एक अक्षर, आठ दिन. जल्दी मत कीजिए. और जो इसे मूरख कहे, उसे घर से बाहर कीजिए."

मी बोलले. कामवालीनं बोलायचं नसतं, मी बोलले.

"डॉक्टरसाब, मेरा भी ऐसाच होता है."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्हारा भी?"

आक्कासाहेब मधे हसल्या. "अहो, ती आमच्या चौकीदाराची. तिचं काय घेऊन बसलात! त्यांच्यात सगळेच तसे."

डॉक्टरांनी कप घेतला. चहा प्यायले. टोपी घेतली, गाडीत बसले, गेले. पुढं काही विचारलं नाही. चांगला माणूस होता. तोही गेला.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. मी ढ नव्हते. आणि हे मला कुणी सांगणार नव्हतं. ते चहा देता देता माझ्या कानावर पडलं होतं.

थाळी आली. रेती चाळून, धुऊन, वाळवून आणली. रोज चारला बेबी व्हरांड्यात बसायची आणि एकटीनं करायचं नाही म्हणून हट्ट करायची.

"तूपण कर. नाहीतर मी नाही करणार."

"मला कोण करू देईल, बेबीताई?"

"मी सांगते ना. आजी झोपली आहे. कर!"

मी केलं. आधी तिचं बोट, मग माझं. "क" म्हणत "क" ओढायचा. आठ दिवस एकच अक्षर. बोटाला रेती लागायची आणि अक्षर पहिल्यांदा गुपचूप एका जागी बसायचं. डोळ्यांनी जे कधी धरता आलं नाही ते बोटानं धरलं. मला तेव्हा जे झालं ते मी सांगू शकत नाही. भूक लागल्यावर अन्न समोर आलं, असं म्हणते. पुरत नाही.

"तू एवढी मोठी घोडी, आणि तुला येत नाही? छी!" बेबी म्हणायची.

"तुम्हालाही येत नाही."

"मला तर रोग आहे."

"मग मला काय आहे?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, डोकं तिरकं करून. "तू ढ आहेस ना. आजी म्हणते."

दुष्टपणानं म्हणाली नाही. जे ऐकलं ते म्हणाली. मग माझा हात ओढला. "चल, आता ग."

पावसाळाभर असं चाललं. दसऱ्यापर्यंत माझी अर्धी बाराखडी झाली होती. दुकानाच्या पाटीवरचं एखादं अक्षर ओळखीचं दिसलं की मी रस्त्यात थांबायची. आणखी एक वर्ष मिळालं असतं तर मी वाचायला लागले असते. मला दुसरं काही नको होतं. लुगडं नको, लग्न नको. ती थाळी आणि चारची वेळ. बस.

मग दसऱ्याचं पाटीपूजन आलं.

मी बेबीला घेऊन शाळेत गेले. मागं भिंतीशी उभी राहिले, तिची शाल घेऊन. पाट्या मांडल्या होत्या. बेबीची पाटी पहिल्या रांगेत मधोमध. तिच्या पाटीवरची सरस्वती आणि खालचं नाव दोन्ही बाईंनी काढून दिलं होतं, मी पाहिलं होतं. आक्कासाहेब हळदकुंकू लावत चालल्या आणि तिसऱ्या रांगेत थांबल्या.

शेवंता नावाची मुलगी होती. सात वर्षांची, टांगेवाल्याची. दोन वेण्या, पायात काही नाही.

"हे काय लिहिलंय?"

बाई म्हणाल्या, "ढ आहे हो ती."

"मग इथं कशाला? चपलांपाशी."

पोरगी उठली. पाटी छातीशी धरून निघाली. तिचा चेहरा मी पाहिला. ती रडत नव्हती. तिलाही वाटत होतं, बरोबर आहे.

तिथं माझ्यात काय मोडलं ते माहीत नाही. मी जायला नको होतं, हे मला त्या वेळी पूर्ण कळत होतं. रेतीची थाळी डोळ्यांसमोर होती. आईवडिलांच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर होत्या. तरी मी शाल टाकली, दारापाशी गेले, शेवंताच्या हातातून पाटी घेतली, आणि पहिल्या रांगेत बेबीच्या पाटीला चिकटून ठेवली.

आक्कासाहेब म्हणाल्या, "काय करून राहिली गं तू?"

"या दोघींचं एकच आहे."

"काय?"

"बेबीताईंना वाचता येत नाही. हिलाही येत नाही. मलाही येत नाही. तिघींचं एकच आहे, महूच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला डॉक्टर आणि आम्हाला चपला कशाला?"

साठ-सत्तर मुली, त्यांच्या आया, बाई, सगळे बेबीकडं बघायला लागले. आक्कासाहेबांकडं कुणी पाहिलं नाही. बेबीकडं. तिनं दोन्ही हात आपल्या पाटीवर पालथे ठेवले. ती माझ्याकडं बघत होती.

"खोटं बोलते ही," ती म्हणाली.

बरोबर केलं तिनं. दुसरं काय करणार होती?

आक्कासाहेब ओरडल्या नाहीत. "हिला बाहेर घ्या," म्हणाल्या. मला बाहेर घेतलं. दार लावलं. आतून आरती सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आम्ही सामान बांधलं. वडिलांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ट्रंकेला दोर बांधता बांधता विचारलं, "तुझं काय जात होतं?" जे जाणार होतं ते गेलं होतं. आई म्हणाली, "पोरीनं खरं सांगितलं." वडील म्हणाले, "खऱ्याला छप्पर असतं का?"

शेवंताचं काय झालं? टांगेवाल्यानं तिला शाळेतून काढलं. सगळ्या गावात पोरगी वेडी ठरली, आता लग्न कसं होईल, म्हणून. ती पापड लाटायला बसली. पुढं लग्न झालं. पुष्कळ वर्षांनी राशनच्या रांगेत भेटली, अंगठा लावत होती. तिला ती पाटी आठवत होती. "तुम्ही बोलल्या नसत्या तर मी अजून दोन वर्षं शाळेत राहिली असती," म्हणाली. रागानं नाही म्हणाली. मी घरी येऊन जेवले नाही.

बेबीला बाहेरगावी बोर्डिंगात टाकलं. रेती बंद झाली, हे मला जुन्या माळ्याकडून कळलं. त्या थाळीचं नाव काढलं की आक्कासाहेब उठून जायच्या. रोग लपवायचा ठरला होता आणि लपवायचा तर इलाज कसा करणार?

बेबी मला एकदा दिसली. दोघीही म्हाताऱ्या. तुकोगंजातली बँक, ती रांगेत माझ्या पुढं होती. रेशमी साडी, पांढरे केस, मान तिरकी करण्याचा तोच ढंग. तिनं खिडकीतून फॉर्म परत ढकलला. "भैयाजी, जरा भरून द्या ना. चश्मा घरी विसरले." चष्मा तिच्या गळ्यात साखळीला लटकत होता.

मी तो फॉर्म भरून देऊ शकले असते. तोपर्यंत मला येत होतं. उरलेली अक्षरं मी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत शिकले, पोळ्या लाटता लाटता, परातीतल्या पिठात बोट फिरवून. बारा-तेरा वर्षं लागली. हे आता लिहितेय तेही मीच लिहितेय. एका पानाला दोन दिवस लागतात. बँकेत मी तिच्या मागं उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही. एकदा तिच्याबद्दल बोलले होते, तिला न विचारता. त्याचं काय झालं ते तिच्या गळ्यात लटकत होतं.

मी तिला आठव्या वर्षी सत्तर माणसांत उघडं केलं. मला आक्कासाहेबांना उघडं करायचं होतं. हात पोचला तो लहान पोरीपर्यंत. याची माफी मी मागितलेली नाही. आता मागायला ती नाही.

आता मी सुदामा नगरात मुलाकडं राहते. गेली काही वर्षं इथं दोन मुली रविवारी एका हॉलमध्ये बसतात. शिकलेल्या, स्वभावानं चांगल्या. मुलांची तपासणी फुकट करतात, ज्यांना अक्षरं ठरत नाहीत त्यांना फुकट शिकवतात. याला इंग्रजीत नाव आहे. डिस्लेक्सिया. मला ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, म्हातारी खूश होईल. मी विचारलं, "हे नाव किती दिवसांचं आहे?" म्हणाल्या, "आजी, शंभर वर्षांच्या वरचं." म्हणजे मी चपलांपाशी पाटी ठेवली तेव्हा नाव होतं. नाव असून काय झालं?

मी दारोदार जाते. असं मूल माझ्या लगेच ध्यानात येतं. हुशारीनं बोलतं, दुकानातला हिशोब तोंडी करतं, आणि पुस्तक काढलं की पोटात दुखतं. मी आईला सांगते, रविवारी घेऊन ये, पैसा लागत नाही. आया काय म्हणतात? "माजी, हमारी लड़की पागल थोड़े है." मराठी असली तर, "आजी, नको ना. पुढं लग्नाचं बघायचंय." दहा दारं फिरावीत तर एक येते. ती दोन रविवार येते. तिसऱ्या रविवारी ट्यूशनवाल्यानं सांगितलेलं असतं, सब ठीक हो जाएगा, और दो घंटे बिठाओ.

शाळांतही जाते. परीक्षेत अशा मुलांना जास्त वेळ देता येतो, लिहून द्यायला माणूस देता येतो, तसे नियम आहेत. आमच्या गल्लीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर तो नियमांचा कागद ठेवला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. "माताजी, हमारे स्कूल में ऐसे बच्चे हैं ही नहीं." वाचता येणारा माणूस वाचत नाही, त्याला कुणी ढ म्हणत नाही. मोठ्या शाळांत असली मुलं असतात, त्यांच्यासाठी वेगळी टीचर असते, एसीची खोली असते. छोट्या शाळांत तीच मुलं दारात बसतात. सत्तर वर्षांत एवढाच फरक पडला की आता चपला बाहेर रॅकमध्ये असतात.

मला आशा नाही. लोक विचारतात म्हणून सांगते. मी मरेन तेव्हाही मुलं दारात बसलेली असतील. त्या दोघी मुलीही थकतील, एकीचं लग्न ठरलंय. ज्यांना आशा लागते त्यांनी दुसरं काम बघावं.

त्या गल्लीच्या शाळेत एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिला दारात बसवतात. मी तिच्या बाईंना जाऊन भेटले, मुख्याध्यापकांकडं गेले, दोनदा. दुसऱ्यांदा शिपायानं फाटकातच सांगितलं, "अम्मा, साब ने मना किया है." शनिवारी पालकांची सभा आहे. आधी मी त्या मुलीच्या आईपाशी जाऊन बसले. विचारलं, "बोलू का?" तिनं पोरीचं दप्तर उचलून आत ठेवलं. मग म्हणाली, "उसका नाम मत लेना."

नाही घेणार. मी सभेत उभी राहीन. मुलीचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, वर्ग निघणार नाही, ती मुलगी की मुलगा हेही निघणार नाही. मुख्याध्यापकांचं नाव निघेल. त्यांनी न वाचलेला कागद मी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. मला वेळ लागेल, ओळ चुकेल, लोक हसतील. मी पूर्ण वाचेपर्यंत बसणार नाही. उचलून बाहेर काढावं लागेल. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला उचलताना त्यांचे हात सगळ्यांना दिसू देत.